डावीकडून, उभे असलेले

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



‘तुझ्या कामाबद्दल थोडं बोल,’ असं संयोजकांनी सांगितलं. मी वेबसाइट बनवतो. ज्यांना दिसत नाही किंवा अंधुक दिसतं, त्यांना ती वापरता यावी म्हणून काय करावं लागतं, एवढंच आज सांगतो.

अंध व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडरच्या मदतीनं. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा हा प्रोग्राम. एनव्हीडीए हा त्यातला एक. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये त्याची सुरुवात केली आणि जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. तो फुकट मिळतो, मराठीही वाचतो.

पण तो वाचणार काय? आपण लिहून ठेवलं असेल तेवढंच. फोटोला वर्णन दिलं नसेल, तर तो नुसतं ‘चित्र’ म्हणतो. बटणाला नाव नसेल, तर ‘बटण’ म्हणून गप्प बसतो. ‘लाल रकाने भरा’ ही सूचना त्याच्या काही कामाची नाही. नोटीस स्कॅन करून टाकली, तर त्याच्या लेखी ते कोरं पान. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी आपल्याला सुंदर दिसतं, त्याला मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा ऐकू येतो. ज्यांना अंधुक दिसतं, त्यांच्यासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ : १ असावा, असा जागतिक निकष आहे. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं त्यात नापास होतात.

आपले भूमितीचे सर आठवा. आकृती काढताना ते तोंडानं सांगत जायचे : ‘त्रिकोण अबक, बाजू बक पाया, अ मधून लंब टाकला.’ शेवटच्या बाकावरून फळा दिसत नसला तरी वहीत आकृती बरोबर यायची. चांगली वेबसाइट याहून वेगळं काही करत नाही.

आपल्या एका मैत्रिणीची दृष्टी मधुमेहामुळे गेली. तिला विचारूनच सांगतो. पैसे भरताना तिच्यासमोर चित्रातली वेडीवाकडी अक्षरं येतात आणि ती ओळखल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग शेजारच्या मुलाला बोलवायचं, कार्डाचा नंबर आणि ओटीपी त्याला सांगायचा. मुलगा गुणी आहे. पण तीस वर्षं घराचा हिशेब एकटीनं सांभाळलेल्या बाईला आपल्याच पैशांसाठी दुसऱ्याचे डोळे मागावे लागतात, याचं तिला वाईट वाटतं. ती सोय नको, हक्क म्हणते. आणि तिचं बरोबर आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तेच सांगतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

तुमच्यापैकी कुणी शाळा चालवतं, कुणी दवाखाना, कुणी पतसंस्था. आपापली वेबसाइट उघडा, माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅबच्या बटणानं एक फॉर्म भरून पाहा. कुठे अडता, ते लिहून काढा आणि वेबसाइट बनवणाऱ्याच्या हातात द्या. पहिल्याच वेळी हे सांगितलं, तर खर्च फारसा वाढत नाही. नंतर तोडफोड करणं महाग पडतं.

स्मरणिकेच्या संपादकांना एक विनंती. पीडीएफ स्कॅन केलेली नको, युनिकोडमधली हवी. जुन्या वर्गफोटोखाली आपण ‘डावीकडून, उभे असलेले’ म्हणून नावं देतो, तशी ती प्रत्येक फोटोला द्या. आणि दोन शब्द जास्त लिहा : कोण हसतंय, कुणाच्या हातात ढाल आहे. आपल्या मैत्रिणीला ती स्मरणिका कुणालाही न बोलावता वाचायची आहे.