'अ' की 'द' ?



इंग्रजी शिकताना ज्या दोन चिमुकल्या शब्दांपायी आपण मास्तरांच्या छड्या खाल्ल्या, त्या 'अ' आणि 'द' या उपपदांविषयी मी आज बोलणार आहे.

मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ही विद्या परकी, असे आपण समजतो. पण आजीची गोष्ट आठवा. 'एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्या वाक्यातला राजा ऐकणाऱ्याला अनोळखी. तेथे इंग्रजीत 'अ' येतो. दुसऱ्या वाक्यात तो ओळखीचा झाला, तेथे 'द'. 'काल आम्ही मुलगी पाहिली' आणि 'काल आम्ही मुलीला पाहिले' यांतला फरक तर लग्नघरात कोणाला शिकवावाच लागत नाही.

तेव्हा प्रश्न एकच विचारावा : मी कोणत्या वस्तूविषयी बोलतो आहे, हे ऐकणाऱ्याला कळेल काय? मला कळून भागत नाही. मी घेतलेले पुस्तक मला ठाऊक असते. तरी प्रथम सांगताना 'अ बुक' असेच म्हणावे लागते, कारण तुम्हांला ते ठाऊक नसते. सूर्य मात्र सर्वांचा एकच, म्हणून 'द सन'.

अनेकवचनात 'अ' चालत नाही. तेथे जागा मोकळी सोडतात. ही मोकळी जागा केवढी महाग पडते पाहा. १९६७ च्या जून महिन्यातील युद्धात इस्राएलने सिनाई, गाझा, जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, गोलान टेकड्या हे प्रदेश व्यापले. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने २४२ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला. व्याप्त प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावे, असे त्यात एक कलम होते. पण इंग्रजी मसुद्यात 'प्रदेशां'पूर्वी 'द' नव्हता. इस्राएलने अर्थ केला, सर्वच प्रदेशांतून नव्हे. अरब राष्ट्रे म्हणाली, युद्धाने भूमी मिळवणे अग्राह्य, असे ठरावाच्या प्रस्तावनेतच आहे. म्हणून सर्व प्रदेशांतून. त्यांनी फ्रेंच पाठाकडेही बोट दाखवले, कारण तेथे 'ते प्रदेश' असा अर्थ सहज निघतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

एका उपपदाने युद्ध होत नाही, की शांतताही होत नाही, हे मला मान्य आहे. पण जे मोघम ठेवायचे ते जाणून मोघम ठेवावे, नकळत नव्हे. तेवढ्यासाठी त्या छड्या सार्थकी लागल्या असे समजू या.