चिलखताचा अस्सलपणा



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात सहज आले असेल की, रोमन शिपायाच्या चिलखताशी परभणीकरांचा संबंध तो काय? संबंध दोन आहेत. एक जुना आणि थोडा लांबचा. आपल्या गोदावरीच्या काठचे पैठण आणि दक्षिणेकडचे तेर, म्हणजे त्या काळचे तगर, ही दोन्ही नावे पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात आली आहेत. इकडचा माल भडोचच्या बंदरातून रोमन जगात जात असे. तो सारा व्यवहार व्यापाराचा. रोमन फौज काही गोदावरीवर आली नाही.

दुसरा संबंध आजचा आहे. शाळेतल्या प्रदर्शनात, शिवजयंतीच्या देखाव्यात मावळ्याच्या अंगावर आपण काय चढवतो ते आठवून पाहा. छातीवर स्नायू उठवलेला पितळी पत्रा, खांद्यावर एकावर एक चढलेल्या पट्ट्या, कमरेखाली कातडी झालर. हा मावळा नव्हे, हा सिनेमातला रोमन शिपाई! गंमत अशी की, तो रोमन म्हणूनही पुरता खरा नसतो.

या पट्ट्यांच्या चिलखताची कथा मोठी बोधप्रद आहे. रोममध्ये इ. स. ११३ साली सम्राट ट्राजनचा विजयस्तंभ उभा राहिला. त्यावर शेकडो शिपाई कोरले आहेत आणि त्यांतील कित्येकांच्या अंगावर हे चिलखत आहे. पण त्याला रोमन लोक काय म्हणत, हे आज कोणालाच ठाऊक नाही. पुस्तकांत जे लॅटिन नाव छापलेले असते ते सोळाव्या शतकात विद्वानांनी दिलेले आहे. पुढे पुष्कळ काळ या कोरीव चित्रांकडे पाहून आणि जमिनीत सापडलेल्या तुटक पत्र्यांवरून तर्क करून चिलखते बनवली गेली. दिसायला ती ठीक होती. पण शिल्पकाराने दगडात जे कोरले ते लोखंडात घडवून माणसाला घालता येईलच, याची काय शाश्वती? दगडाला हात वर करावा लागत नाही.

१९६४ साली उत्तर इंग्लंडमधील कॉरब्रिज येथे उत्खननात एक लाकडी पेटी सापडली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात कोणी तरी ती पुरून ठेवलेली. आत हत्यारे, खिळे, अवजारे आणि अनेक चिलखतांचे भाग गंजून एकजीव झालेले. कातडे कुजून गेले होते, परंतु गंजात त्याच्या खुणा राहिल्या होत्या. लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागारात काम करणारे रसेल रॉबिन्सन यांनी हे तुकडे अभ्यासून नवे चिलखत घडवले. पत्रे आतल्या बाजूने कातडी पट्ट्यांवर रिव्हेटांनी जोडले की सारे अंगाबरोबर हलते, वाकते, आणि काढल्यावर घडी करून ठेवता येते, हे त्यांनी करून दाखवले. त्यांचे हे काम पुढे जगभरच्या संग्रहालयांना प्रमाण झाले.

येथे विषय संपला असता तर आम्ही आज बोलायला उभे राहिलो नसतो. २०१८ साली जर्मनीतील काल्क्रीझ येथे याच जातीचे एक चिलखत जवळजवळ अखंड सापडले. ही जागा इ. स. ९ मधील रोमनांच्या प्रसिद्ध पराभवाची मानली जाते, म्हणजे कॉरब्रिजच्या पेटीहून हे चिलखत शंभरएक वर्षांनी जुने. मातीचा ठोकळाच उचलून क्ष-किरणांनी आतून पाहिला गेला. शेजारी कैद्याच्या मानेला आणि हातांना जखडणारा लोखंडी खोडाही मिळाला. ते चिलखत घातलेल्या माणसाचे पुढे काय झाले असेल, ते त्या खोड्याने सांगितले. ‘रोमन चिलखत’ म्हणून जे एकच चित्र डोळ्यांपुढे ठरून गेले होते त्याचे काळ निराळे, बांधणी निराळी, हे आता स्वच्छ दिसू लागले.

आता आपल्या घरी या. दख्खनेत चिलखत म्हणजे मुख्यतः लोखंडी कड्यांची जाळी. काही वेळा छाती-पाठीवर त्याच जाळीत पत्रे गुंफलेले. जाळीचे चिलखत रोमन शिपायालाही ठाऊक होते, आणि चांगल्या जाळीची रीत दोन्हीकडे सारखीच होती. प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या अडकवायच्या, आणि कडीची टोके चपटी करून बारीक खिळ्याने बंद करायची. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. नुसती वाकवून टोकाला टोक लावलेली कडी भाल्याच्या नेटाने उघडते. देखाव्यासाठी बनवलेल्या जाळ्या बहुधा अशाच असतात, आणि त्या पाहणाऱ्या मुलाची समजूत होते की चिलखत हा एक चकचकीत अंगरखा होता. खरे चिलखत आठ-दहा किलोंचे ओझे. आत जाड कापसाचे वस्त्र नसेल तर ते हाडाला लागते. उत्तरकाळात हिंदुस्थानातही खिळ्यावाचूनच्या जाळ्या होऊ लागल्या, त्यामुळे तेवढ्यावरून एखादी वस्तू खोटी ठरवता येत नाही. ती कोणत्या काळची म्हणून मांडली आहे हे पाहावे लागते.

दख्खनी चिलखत प्रत्यक्ष कसे असे, याचा एक उत्तम पुरावा विचित्र ठिकाणी टिकला आहे: राजस्थानात, बिकानेरला. १६८९ साली आदिलशाहीच्या ताब्यात राहिलेला अदोनीचा किल्ला पडला. तेथून बिकानेरच्या राजा अनूपसिंहांकडे आलेल्या शस्त्रांवर आणि चिलखतांवर त्यांच्या शस्त्रागाराने स्थळ आणि साल टोचून लिहून ठेवले. यांतील काही वस्तू पुढे न्यूयॉर्कच्या संग्रहालयापर्यंत गेल्या. पण त्या कोठून आल्या, हे त्यांच्या अंगावरच लिहिलेले आहे. मराठ्यांनी ज्या फौजांशी झुंज दिली त्या फौजांच्या वस्तू कशा असत, हे सांगायला याहून बोलका साक्षीदार कोठे मिळणार?

याच्या उलट बाजू २०२४ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे उसनी आणून साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. गर्दी लोटली, आणि वादही झाला. सभासदाच्या बखरीत प्रतापगडच्या प्रसंगी महाराजांच्या हाती बिचवा आणि वाघनख असल्याचे आहे. लंडनची वाघनखे त्याच प्रसंगाची, याला आधार मात्र त्यांच्याबरोबरच्या पेटीवरील लेखाचा. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास असलेल्या ग्रँट डफला ती पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली, असे तो लेख सांगतो. पण तोच लेख अफझलखानाला मोगल सरदार म्हणतो! खान विजापूरचा, हे आपल्याकडे चौथीतले पोरही सांगेल. वस्तू महाराजांचीच आहे हे सिद्ध करता येत नाही, असे लंडनच्या संग्रहालयाने स्वतःच नमूद केले आहे. त्या संग्रहालयाची ही नोंद आम्हांला आदरणीय वाटते. महाराजांवरची भक्ती अशा नोंदीने कमी होते असे मानणारांना आम्ही एवढेच विचारू, तुमची भक्ती एका पेटीवरच्या ओळीवर उभी आहे काय?

आपल्या जिल्ह्यात एखादे शिपायाचे दालन उभे करायचे झाले तर पहिला प्रश्न येईल, शिपाई कोणत्या काळचा? पाथरी हे निजामशाही घराण्याचे मूळ गाव. त्या गावापायी सोळाव्या शतकात अहमदनगर आणि वऱ्हाड यांच्यात लढाया झाल्या. तो शिपाई निराळा. त्याआधीचा यादवकाळातला निराळा, आणि राक्षसभुवनावर १७६३ साली निजामाशी लढलेला मराठा स्वार आणखी निराळा. यादवकाळच्या शिपायासाठी आपल्याकडे वीरगळ आहेत. देवळाच्या पाराशी शेंदूर फासलेले हे दगड मराठवाड्यात गावोगाव आढळतात. ढाल कशी धरली, तलवार किती लांब, अंगात काही आहे की उघडेच आहे, हे त्यांवर दिसते. अर्थात तेही ट्राजनच्या स्तंभासारखे शिल्पच. स्वर्गाला निघालेला वीर शिल्पकाराने थोडा सजवलाही असेल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पुतळ्याला जे घालाल त्याच्या शेजारी एक पाटी असावी. तलवार अमुक मूळ वस्तूवरून, ढालीची ठेवण अमुक गावच्या वीरगळावरून, पागोट्याचा रंग कल्पनेने, असे तीवर लिहावे. रोमन शिपायाचा अंगरखा चित्रांत हटकून तांबडा रंगवतात. त्यालाही सर्वत्र लागू पडेल असा भक्कम पुरावा नाही, आणि काही चांगल्या संग्रहालयांनी तो पांढराही दाखवला आहे. आपल्या मावळ्याच्या पागोट्याला भगवा रंग द्यायला आमची हरकत नाही. पाटीवर तेवढे ‘कल्पनेने’ हे अक्षर ठळक असू द्या, आणि ते मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.