सुरपूरचा ‘अप्पा’

कोडग्या माणसाला आपण मराठीत सहज ‘बेरड’ म्हणून मोकळे होतो. सुरपूरला गेलात तर हा शब्द जपून वापरा. पूर्वी गुलबर्गा म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यात असलेलं, आता यादगीरमध्ये गेलेलं हे गाव बेरड राजांची राजधानी. यांच्याच वागिनगेऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालायला 1705 साली म्हाताऱ्या औरंगजेबाला जातीनं यावं लागलं होतं.

निजामाच्या फौजेतला कॅप्टन मेडोज टेलर 1841 च्या सुमारास इथे आला. जन्म लिव्हरपूलचा, पंधरा-सोळाव्या वर्षी मुंबईत उतरलेला, एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहून विलायतेत गाजलेला. राजा वेंकटप्पा नाईक तेव्हा अजाण होता. टेलरनं कारभार हाती घेतला, वसुलीची घडी बसवली, पोराच्या शिक्षणात लक्ष घातलं. पोर त्याला ‘अप्पा’ म्हणे. 1853 मध्ये राज्य त्याच्या हाती सोपवून टेलर आपल्या नळदुर्गला आला, पुढे बुलढाण्याला गेला.

आणि मग सत्तावन्नच्या उठावाचं साल उजाडलं. वेंकटप्पानं इंग्रजांविरुद्ध बेरडांच्या जोडीला अरब आणि रोहिले जमवले. 7 फेब्रुवारी 1858 ला कॅप्टन विंडहॅमची तुकडी सुरपूरपाशी उतरली, तर रात्रभर छावणीवर गोळ्या येत राहिल्या. सकाळी मद्रास घोडदळाचा कॅप्टन न्यूबेरी रोहिल्यांवर चालून गेला आणि तिथेच पडला. त्याचा दुय्यम अधिकारी स्टुअर्टही जबर जखमी होऊन गेला. पण मोठी फौज जवळ येतेय म्हटल्यावर राजा रातोरात हैदराबादकडे निसटला. तिथे निजामाचा दिवाण सालारजंगानं त्याला पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केलं.

तुरुंगात टेलर भेटायला गेला. राजानं साथीदारांची नावं सांगितली नाहीत. चोरासारखं फासावर लटकवू नका, तोफेच्या तोंडी द्या, एवढंच मागितलं. हे टेलरच्याच आत्मचरित्रातलं, तेव्हा जरा सावधपणे ऐकायचं. पण स्वतःची हार माणूस कशाला रचून सांगेल? न्यूबेरी रणात हरला. टेलर हरला तो त्या कोठडीत, आपल्या हातानं वाढवलेलं पोर समोर बसलेलं असताना.

फाशीची जन्मठेप झाली, जन्मठेपेची चार वर्षं झाली. चेंगलपट्टूला नेताना वाटेतच राजा पिस्तुलाच्या गोळीनं गेला. 1860 मध्ये इंग्रजांनी सुरपूर निजामाला देऊन टाकलं. टेकडीवरचा टेलरचा बंगला अजून उभा आहे. लोक त्याला ‘टेलर मंझिल’ म्हणतात.