छिद्रांचा साचा आणि क्वांटम डॉट

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा काही नॅनोमीटरचा स्फटिककण. त्याच्या आकारमानावरच इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या ठरतात: कॅडमियम सेलेनाइडचा २ नॅनोमीटरचा कण निळसर प्रकाश देतो, ६ नॅनोमीटरचा तांबडा. अडचणही याच गुणातून येते. गॅलियम आर्सेनाइडवर इंडियम आर्सेनाइडचा थर चढवला, की स्फटिकजालांतल्या ताणामुळे कण आपोआप उठतात; पण ते कुठे उठतील आणि केवढे होतील, याला धरबंध नसतो. लहानमोठ्या कणांचा प्रकाश मग एका रंगाचा राहत नाही. म्हणून जागा आणि आकार आधीच बांधून देणारा साचा हवा.

हा साचा मिळतो ॲल्युमिनियमच्या ॲनोडायझिंगमधून. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची काळी कढई याच प्रक्रियेतून निघते. शुद्ध ॲल्युमिनियमच्या पत्र्याला ऑक्झॅलिक आम्लात ४० व्होल्टचा दाब दिला, की ऑक्साइडच्या थरात सुमारे १०० नॅनोमीटरच्या अंतराने उभी छिद्रे पडतात. व्होल्ट बदलले की अंतर बदलते. तोंडाशी ही छिद्रे विस्कळीत असतात, पण खोल जाता जाता एकमेकांना सारत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी मांडणी धरतात. हिदेकी मासुदा आणि केन्जी फुकुदा यांनी १९९५ मध्ये हेच हेरले. त्यावरून पुढे युक्ती निघाली: पहिला थर आम्लात विरघळवायचा आणि ॲल्युमिनियमवर उरलेल्या खळग्यांवर पुन्हा ॲनोडायझिंग करायचे. आता छिद्रे पहिल्यापासून शिस्तीत उतरतात. इतक्या साध्या युक्तीने लिथोग्राफीच्या महागड्या यंत्रांवाचून काम साधले, हे तिचे मोठेपण.

पुढे ऑक्साइडचा हा छिद्रमय पापुद्रा सोडवून त्याचा बंद तळ फॉस्फरिक आम्लाने उघडतात आणि तो गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर बसवतात. निर्वातात सोडलेले अणू छिद्रांच्या तळाशीच चकतीला भिडतात, तिथेच डॉट वाढतो. पापुद्रा मात्र पातळच हवा; छिद्र खोल असले तर अणू भिंतींवरच अडकतात आणि तोंड बुजते.

छिद्रांचा व्यास सहसा काही दशक नॅनोमीटरचा असतो. कॅडमियम सेलेनाइडसाठी तो फार मोठा. इंडियम आर्सेनाइडमध्ये एक्सायटॉनची, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांच्या जोडीची, बोर त्रिज्या ३५ नॅनोमीटरच्या आसपास असल्याने तिथे क्वांटम परिणाम टिकतो. मांडणीची शिस्तही साधारणपणे काही मायक्रोमीटरपुरतीच असते, पुढच्या पट्ट्यात दिशा बदलते. त्यावर मासुदांच्याच गटाने १९९७ मध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या ठशाने ॲल्युमिनियमवर आधीच खळगे उमटवले, आणि ती शिस्त मिलिमीटरपर्यंत नेली.