गिरनारच्या पायऱ्या आणि डब्यातले लाडू

(यात्रेच्या तयारीसाठी झालेल्या सभेतील भाषण)



दिवाळीनंतर आपल्या मंडळाची गिरनार यात्रा निघते. गाडीचे आरक्षण, धर्मशाळा, कोण कोण येणार, यावर महिनाभर चर्चा चालते. वर जाताना खायला काय घ्यायचे हे मात्र निघायच्या दिवशी संध्याकाळी आठवते. म्हणून आज आम्ही फक्त त्याच विषयावर बोलणार आहोत.

गुरुशिखरावरील दत्तपादुकांपर्यंत पायऱ्या दहा हजारांच्या आसपास. २०२० मध्ये रोपवे सुरू झाला, पण तो अंबामातेपर्यंतच. पुढे गोरखनाथांचे शिखर चढा, उतरा, मग पुन्हा चढा आणि परतताना तेच उलट. पाय लटपटतात ते बहुतेक याच टप्प्यात. त्यात आपल्यातले बरेच जण पन्नाशीपुढचे, कित्येक जण दर्शनाआधी काही खात नाहीत, आणि चढायला सुरुवात मध्यरात्रीनंतर. दत्तगुरूंना आपण धडधाकट पोहोचलेले आवडेल, असे आम्हाला वाटते.

विकतचे बिस्कीट, वेफर नकोत. त्यांचे प्लास्टिक डोंगरावर पडते आणि तिथे प्लास्टिकला बंदीही आहे. स्टीलच्या डब्यात घरचे लाडू न्यावेत. पाक नाही, ओव्हन नाही, अर्ध्या-पाऊण तासाचे काम.

बिनबियांचा मऊ खजूर २५० ग्रॅम, शेंगदाणे १५० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, सुके खोबरे ५० ग्रॅम. शेंगदाणे, तीळ आणि किसलेले खोबरे वेगवेगळे, मंद आचेवर भाजायचे. एकत्र टाकले की तीळ करपतात आणि दाणे कच्चे राहतात. काळपट, सुरकुतलेला, कडवट दाणा आधीच निवडून टाकावा. त्यावरची बुरशी भाजल्याने निरुपद्रवी होत नाही. सगळे पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा, तेही थांबून थांबून, नाहीतर तेल सुटून लगदा होतो. मग चमचाभर तुपावर खजूर दोन-तीन मिनिटे परतून मऊ करा, त्यात कूट, अर्धा चमचा सुंठ आणि चिमूटभर मीठ घालून मळा. पाण्याचा किंवा दुधाचा हात अजिबात नको. ओले खोबरेही नको. मग लाडू आठ-दहा दिवस चांगले राहतात. एवढ्यात साधारण २० लाडू होतात. एका लाडूत १०० ते ११० कॅलरी मिळतात. हेच मिश्रण मोदकाच्या साच्यात दाबले तर बाप्पाचा नैवेद्यही होतो. उपवासाला तीळ चालतात की नाही यावर दोन मते आहेत, त्या वादात आम्ही पडत नाही. ज्यांना चालत नाहीत त्यांनी तेवढे खोबरे वाढवावे.

आता महत्त्वाचे. या लाडवांत साखर घातलेली नाही, म्हणून ते मधुमेहींनी हवे तेवढे खावेत असे कृपया समजू नका. एका लाडूत खजुराचीच साखर आठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन लहान चमचे आहे. आणि उलट बाजूही ऐका. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेणाऱ्याला चढताना घाम फुटला, हात थरथरले, बोलणे अडखळले, तर लाडू हा उपाय नव्हे. त्यातल्या दाण्यांच्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात हळू जाते. तेव्हा तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, पंधरा मिनिटे बसवायचे, बरे वाटले की मगच लाडू. म्हणून साखरेची पुडी प्रत्येक गटाकडे हवीच. गोळी-इंजेक्शनचे प्रमाण त्या दिवशी काय ठेवायचे आणि रिकाम्या पोटी चढायचे का, हे आपापल्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांनीही नावे आधी द्यावीत, त्यांचे लाडू वेगळ्या भांड्यात करू.

दोन हजार पायऱ्यांनंतर गोड नकोसे होते. तेव्हा फुटाणे, खारे दाणे आणि मनुका मूठभर. उपवास नसेल त्याने सातूचे पीठ न्यावे. गूळ-पाण्यात कालवले की पोटाला आधार मिळतो. एकदम पोटभर खाऊ नये. तासाला एखादा लाडू, आणि तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी.

यात्रेच्या आदल्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी मिळून लाडू वळायचे ठरले आहे. माणशी सहा लाडू धरले आहेत. येताना आपापला डबा आणावा, झाकण घट्ट बसणारा.