हवेंत स्थिर राहण्याची विद्या

हातांतील रिमोटनें उडणारें चिमुकलें हेलिकॉप्टर दुकानाच्या कांचेआड खेळण्यासारखें दिसतें, आणि वाढदिवसाची भेट म्हणून तें घरोघरीं येतेंहि. मुठीएवढें, मऊ पात्यांचें हेलिकॉप्टर हें खरोखरच खेळणें होय. परंतु त्याच्या मोठ्या भावंडांना खेळणें म्हणणें धोक्याचें आहे. एक साधें गणित पाहावें. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ७० सेंटिमीटर असला आणि तीं मिनिटास २,५०० फेरे घेऊं लागलीं, तर त्यांच्या टोंकाचा वेग तासाला सुमारें ३३० किलोमीटर होतो. असलें पातें डोळ्याला किंवा बोटाला लागलें तर काय होईल, हें निराळें सांगावयास नको. २०१३ सालीं न्यूयॉर्क शहरांतील एका उद्यानांत एक तरुण आपल्याच प्रतिकृति-हेलिकॉप्टरच्या आघातानें मृत्युमुखीं पडला. आणि तो नवशिका नव्हता, ह्या विद्येंत चांगला तरबेज होता. म्हणून ही विद्या शिकूंच नये असें मात्र नाहीं. ती क्रमानें शिकावी, एवढाच ह्याचा अर्थ.

हें यंत्र शिकावयास इतकें कठीण कां? विमान क्षणभर हातांतून सुटलें तरी पंखांच्या आधारानें पुढें तरंगत जातें. हेलिकॉप्टरचें तसें नाहीं. मुख्य पातीं एका दिशेनें फिरूं लागलीं कीं धड उलट दिशेनें फिरूं पाहतें. त्याला शेपटीवरचीं लहान पातीं आवरून धरतात. पात्यांचा कल किंचित् बदलला कीं यंत्र त्या बाजूस सरकूं लागतें आणि आपण होऊन थांबत नाहीं. जर्मनींतील डीटर श्ल्यूटर ह्यांनीं १९७० च्या सुमारास प्रतिकृति-हेलिकॉप्टर खऱ्या अर्थानें ताब्यांत ठेवून उडवून दाखविलें. तोंवर अशा प्रयत्नांना फारसें यश आलें नव्हतें. आज यंत्राच्या पोटांतील इलेक्ट्रॉनिक जायरो शेपटी पुष्कळ अंशीं सांभाळतो. तरी बाकीचा भार शिकणाऱ्याच्या बोटांवरच पडतो.

आरंभ संगणकावरील सिम्युलेटरनें करावा. खरा रिमोट संगणकास जोडून पडद्यावरचें हेलिकॉप्टर उडवितां येतें. तें शंभरदां पडलें तरी पैचेंहि नुकसान होत नाहीं. येथें शिकावयाची मुख्य गोष्ट म्हणजे दिशांची उलटापालट. शेपटी उडविणाऱ्याकडे असतांना उजवें तें उजवेंच असतें. पण नाक त्याच्याकडे वळलें कीं दांडी उजवीकडे ढकलल्यावर यंत्र त्याच्या डावीकडे जातें. बुद्धीला हें एका वाक्यांत कळतें. बोटांना कळावयास कित्येक आठवडे लागतात. संकटाच्या क्षणीं विचार करण्यास सवड नसते, म्हणून तें बोटांनाच कळलेलें असावें लागतें.

त्यानंतर प्रत्यक्ष यंत्र. एकावर एक अशीं उलट फिरणारीं दोन चक्रें असलेलें लहान हेलिकॉप्टर पुष्कळसें आपोआपच स्थिर राहतें. मुलांनीं घरांत त्यानेंच सुरुवात करावी. मात्र त्यावर हात बसला म्हणजे विद्या आली, असें समजूं नये. मोठें यंत्र घेतल्यावर त्याच्या पायांखालीं, टोंकांना चेंडू लावलेल्या लांब काड्यांची फुली बांधावी. म्हणजे तें सहसा कलंडत नाहीं. शिकणाऱ्यानें शेपटीमागें निदान दहा मीटर अंतरावर उभें राहावें, आणि बघ्यांनीं त्याच्याहि मागें. प्रथम यंत्र जमिनीवरच हलकें करून इकडेतिकडे सरकवावें. मग उचलावयाचें तें गुडघ्याइतकें नव्हे, छातीइतकें. कारण जमिनीलगत पात्यांनीं खालीं लोटलेली हवा खवळते व यंत्र डळमळतें. बॅटरीचीं नेमलेलीं मिनिटें संपेपर्यंत तें एकाच जागीं ठेवतां येणें, ही पहिली परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्याखेरीज पुढें धांवण्याचा मोह धरूं नये. नंतर नाक एका बाजूस, मग दुसऱ्या बाजूस आणि अखेर आपल्याकडे, असा क्रम ठेवावा.

परंतु ह्या सर्वांआधीं थांबविणें शिकावें. रिमोटवर मोटार तत्काळ बंद करणारी एक कळ ठेवलेली असते. यंत्र हातचें गेलें असें दिसतांच ती ओढावी. फिरतीं पातीं जमिनीवर आपटलीं कीं त्यांचे तुकडे दूरवर उडतात, आणि अडकून पडलेली मोटार तापत राहून आग लागूं शकते. यंत्राची किंमत मोठी असते, म्हणून हात त्या कळीकडे जावयास कचरतो. पण यंत्र वाचवावें कीं माणूस, हा प्रश्न घरून निघण्यापूर्वींच सुटलेला असावा.

कांहीं नियम रोजचेच आहेत. रिमोट आधीं चालू करावा आणि यंत्राची बॅटरी मागून जोडावी. बंद करतांना क्रम उलटा. टेबलावर जुळवाजुळव करतांना मोटारीच्या तारा सोडून ठेवाव्या. चीर गेलेलें पातें चिकटवून पुन्हां वापरूं नये. लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या कोणत्याहि घटाचा दाब ४.२ व्होल्टच्या वर जाऊं देऊं नये. ती न पेटणाऱ्या जागीं, डोळ्यांदेखत चार्ज करावी, आणि फुगलेली बॅटरी पुन्हां वापरूं नये.

राहतां राहिली जागा. मुंबई-पुण्याच्या वसाहतींचें अंगण किंवा गच्ची ही ह्या विद्येची जागा नव्हे. मोकळें मैदान आणि सकाळची निवांत हवा हवी. भारतांत २०२१ च्या ड्रोन नियमांनीं आकाशाचे हिरवा, पिवळा व लाल असे विभाग केले आहेत, आणि छंदाचीं यंत्रेंहि त्या नियमांत येतात. पिवळ्या व लाल विभागांत परवानगीशिवाय उडवितां येत नाहीं. म्हणून विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनीं तरी सरकारी नकाशा आधीं पाहावा.

यंत्र आकाशांत कोलांट्या मारूं लागलें कीं बघे टाळ्या वाजवितात. छातीइतक्या उंचीवर, नाक समोर ठेवून दोन मिनिटें निश्चल उभ्या राहिलेल्या यंत्राला कोणी टाळी देत नाहीं. जाणत्याची नजर मात्र तेथेंच ठरते. कोलांट्यांची हौस ज्याला असेल, त्यानें तीं दोन मिनिटें आधीं साधावीं.