चामखिळीला हात लावण्याआधी



आज मी घोड्याच्या कातडीवर सर्वांत जास्त आढळणाऱ्या एकाच गाठीबद्दल बोलणार आहे : सारकॉइड. मालक तिला मस किंवा चामखीळ म्हणतात. आपल्यापर्यंत, म्हणजे पशुवैद्यांपर्यंत, येईतो बहुधा केस बांधून, तेजाब लावून, डाग देऊन झालेले असते.

सुरुवात किती साधी असते पाहा. मांडीच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा केस गेलेला, किंचित खरखरीत चट्टा. गजकर्ण समजून मलम लावले जाते. चट्टा वर्षानुवर्षे तसाच राहतो. मग कधीतरी तिथे घासते, चिरते, आणि काही आठवड्यांत लालभडक मांसाचा गोळा उभा राहतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घेणारा घोड्याचे भोवरे बारकाईने पाहतो. हा चट्टा पाहणारा क्वचितच.

१९३६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जॅक्सन यांनी या गाठीचे वर्णन करून तिला नाव दिले. १९५१ मध्ये अमेरिकेत ओल्सन आणि कुक यांनी गाईच्या चामखिळीचा अर्क घोड्यांना टोचला, आणि तशाच गाठी उठल्या. गाईचा पॅपिलोमा विषाणू, मुख्यतः प्रकार १ आणि २, घोड्यात शिरतो हे आज पक्के झाले आहे. पण प्रयोगात टोचून उठवलेल्या गाठी आपोआप विरतात; निसर्गतः झालेला सारकॉइड सहसा विरत नाही. माझ्या मते या आजाराचे सगळे मर्म या फरकात आहे.

पण म्हणून घोड्याची प्रतिकारशक्ती दुबळी आहे, असे कोणी म्हणू नये. शिंगरांच्या नाकपुड्यांभोवती येणाऱ्या चामखिळी घोड्याच्या स्वतःच्या पॅपिलोमा विषाणूमुळे होतात, आणि काही महिन्यांत गळून जातात. शरीर त्या विषाणूला ओळखते. सारकॉइडमध्ये मात्र गाईचा विषाणू तंतुपेशींत नुसता डीएनए होऊन बसतो. नवे विषाणूकण सहसा तयारच होत नाहीत, त्यामुळे प्रतिपिंडांना पकडायला कवच मिळत नाही. शिवाय त्याचे ई-५ हे चिमुकले प्रथिन एमएचसी वर्ग-१ रेणूंना पेशीच्या आतच अडकवते. परकीय प्रथिनाचा तुकडा पृष्ठभागावर मांडलाच गेला नाही, तर मारक टी पेशी ओळखणार काय? टी पेशी गाठीत येतात, हे खरे. पण त्यांच्यात आवर घालणाऱ्या नियामक पेशीही असतात. काही घोड्यांच्या एमएचसी जनुकांतच या आजाराकडे कल असतो, म्हणून पैदाशीसाठी घोडा निवडताना त्याच्या कातडीचा इतिहास विचारायलाच हवा.



प्रतिकारशक्तीचा हा झोपलेला पहारा जागा करता येतो, हे बीसीजी या क्षयाच्या लशीने दाखवले. डोळ्याभोवतीच्या सारकॉइडमध्ये बीसीजी टोचून चांगले गुण येतात. पण पुढच्या टोचणीला घोडा अॅनाफायलॅक्सिसने कोसळू शकतो. आधी दाहशामक द्या, अॅड्रिनॅलिन हाताशी ठेवा, मगच सुई उचला.

आणि अर्धवट कापणे हा माझ्या दृष्टीने गुन्हा आहे. उरलेल्या पेशी जखमेत अधिक जोमाने वाढतात आणि गाठ पहिल्यापेक्षा वाईट होऊन परतते. पुढच्या उपचाराची तयारी नसेल तर नमुन्यासाठीही सुरी लावू नका. शांत चट्टा मोजा, फोटो काढा, माश्यांपासून जपा, आणि मालकाला डाग देऊ नका म्हणून हात जोडून सांगा.

आपल्याकडे घोडा आणि गाय अनेकदा एकाच गोठ्यात राहतात. म्हणून विनंती आहे : यापुढे भेटणाऱ्या प्रत्येक सारकॉइडची जागा, घोड्याचे वय, गाईंचा सहवास, केलेला इलाज आणि दोन वर्षांनंतरची स्थिती टिपून ठेवा. बिघडलेल्या केसही टिपा. त्या वह्या घेऊन पुढच्या अधिवेशनाला या.